दिंडी नसलेल्यांनी निजायचं कुठं?

वारीत आळंदी ते पंढरपूर या वाटेवर सगळे सारखे, हे दिवसा खरं असतं. तळावर अंधार पडला की कोण कुठे आडवा होतो ते बघा, फरक लगेच कळतो.

दिंडीत भिशी, म्हणजे जेवण-मुक्कामाची वर्गणी, भरली असेल तर निवाऱ्याची चिंता नाही. सकाळी बोचकं ट्रकमध्ये टाकायचं आणि मोकळ्या हातांनी चालायचं. ट्रक पुढे जातो, तळावर दिंडीची जागा ठरलेली असते. पोरं खुंट्या ठोकून राहुट्या उभ्या करतात, आभाळाचा रंग बघून भोवती चर खणतात. आत दाटी इतकी, की कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगावं लागतं. खालून ओल येतेच. पण रात्री-अपरात्री ताप आला तर हाक मारायला माणूस असतं.

गावातली घरं ही दुसरी सोय. सासवड, लोणंद, फलटणला पिढ्यानपिढ्या ठरलेली घरं आहेत. ओसरी सारवून ठेवतात, अंघोळीला पाणी तापवतात, सुजलेल्या पायांना लावायला तेल पुढे करतात. बाप गेला तरी मुलगा रीत मोडत नाही. हा जिव्हाळा पैशानं मिळत नाही. ओळखीशिवायही मिळत नाही.

आणि मग उरतो मोकळा समाज. ना दिंडी, ना ट्रक, ना ओळखीचं घर. डोक्यावर गाठोडं, काखेत प्लॅस्टिकचा कागद. दुकानाच्या शटरपुढे, पेट्रोल पंपाच्या छपराखाली, नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेत यांची रात्र जाते. शाळेत म्हणजे व्हरांड्यात. आत बाकं भिंतीला सरकवून वर्ग रिकामा केलेला खिडकीतून दिसतो, पण दाराला कुलूप. किल्ली गुरुजींकडे की ग्रामसेवकाकडे, कुणालाच ठाऊक नाही. म्हाताऱ्या बायका पाय पोटाशी घेऊन भिंतीला टेकलेल्या, झड आत आली की आणखी मागे सरकणाऱ्या. शौचालय लांब आणि वाटेत दिवा नाही, म्हणून संध्याकाळपासून पाण्याचा घोट न घेणाऱ्या. दिवसभर चालून आलेल्या बाईनं तहान मारून झोपावं, याची चीड यायला हवी.

सरकार काहीच करत नाही असं नाही. फिरती शौचालयं आली, काही तळांवर पाऊस अडवणारे मंडपही आले. २०२१ मध्ये पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. २०२४ मध्ये दिंडीमागे २० हजार रुपये जाहीर झाले. दिंडीमागे! ज्याला दिंडीच नाही, त्याच्या हातावर यातलं काय पडणार?

गाडगेबाबांनी हे दुखणं फार आधी ओळखलं होतं. पंढरपुरात मठ होते, धर्मशाळा होत्या, पण अस्पृश्यांना तिथे थारा नव्हता. बाबांनी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली. त्यांच्यासाठी विठ्ठलाच्या देवळाचं दार उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. बाबांनी निजायची सोय त्याच्या कितीतरी आधी करून टाकली होती. ज्याला कुणी घेत नाही त्याच्यापासून सुरुवात, ही त्यांची पद्धत.

पुणे, सातारा, सोलापूर या तिन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाला मोकळ्या समाजाच्या निवाऱ्यासाठी वेगळा निधी नको. शाळेची किल्ली दुपारी चारलाच तळावरच्या मदत केंद्रात आली पाहिजे. वर्गखोल्या आधी बायकांना, फिरती शौचालयं त्याच आवारात, दिवा रात्रभर. आणि एक विनंती सोहळ्याच्या मानकऱ्यांना. संध्याकाळी तळावर होणाऱ्या समाज आरतीच्या वेळी एखाद्या दिंडीची तक्रार असली की ती टाळ वाजवत राहते आणि चोपदारांना ऐकून घ्यावं लागतं. मोकळ्या समाजाला ती सोय नाही. तेव्हा या आरतीला हरवलं-सापडलं पुकारतात त्याच वेळी आज कोणती शाळा उघडी आहे, तेही पुकारा.