बोळेअण्णा

बेळगावच्या बसस्थानकावर निपाणी गाडीची वाट बघणाऱ्या घोळक्यात एखादा गृहस्थ डावा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन उजवा कान वर ओढताना दिसला, तर घाबरू नये. त्याला ठणका लागलेला नाही. तो बोळेअण्णा आहे आणि गाणं ऐकायच्या तयारीत आहे. अंगठा आणि तर्जनीत चुरून बारीक केलेला फोमचा बोळा कानात सरकवायचा, कान वर आणि मागे ओढून धरायचा, आणि बोळा आत फुगून भोकाच्या भिंतींना टेकेपर्यंत अर्धा मिनिट डोळे मिटून उभं राहायचं. मग दुसरा कान. एकदा एका म्हातारीनं हे बघून पिशवीतली लसूण काढली आणि तेलात कढवून दोन थेंब सोडायला सांगितलं. अण्णांना ते ऐकू गेलं नाही. बोळा उत्तम बसला होता.

बोळेअण्णा ही एक व्यक्ती नव्हे, जमात आहे. टिळकवाडीत एक सापडेल, निपाणीत दोन, आणि शहापूर-वडगावात यंत्रमागांच्या खडखडाटाशेजारी राहणारे तर हटकून. वय चाळीस ते साठ. नोकरी बँकेत, विम्यात किंवा हायस्कुलात. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी चेनची एक चपटी डबी असते. तीत एक इअरफोन आणि त्याच्या तोटीवर चढवायच्या बोळ्यांची, म्हणजे रबरांची, अख्खी वंशावळ: लहान, मध्यम, मोठं, तीन पदरी, फोमचं, आणि डाव्या कानासाठी वेगळं. डावं भोक उजव्यापेक्षा किंचित मोठं आहे, हा शोध त्यांना पन्नाशीत लागला आणि तो ते अभिमानाने सांगतात.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या माणसाला कानात बोळे घालावेसे वाटले तर नवल नाही म्हणा. १९५६ साली गाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून दोन्हीकडचे पुढारी इथे येऊन जोरात बोलून जातात. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा, आवाज मात्र दर १ नोव्हेंबरला ताजा. पण अण्णांना विचाराल तर ते राजकारणावर जात नाहीत. ते थेट डेसिबलवर येतात.

‘‘बसमध्ये गाणं ऐकू येईना म्हणून लोक काय करत्यात? आवाज वाढवत्यात. कान जातो गा त्यानं. ऐंशी डेसिबल आठवड्याला चाळीस तास, जागतिक आरोग्य संघटनाच सांगालीय. बाहेरचा गोंगाट अडवला की आवाज बारीक ठेवून भागतंय. मी कान वाचवायला हे घेतलो.’’

हे खरं आहे. अडचण एवढीच, की कान वाचवायला त्यांनी आतापर्यंत जेवढे इअरफोन घेतले, तेवढ्या पैशात एक बरी सायकल आली असती. खडे बाजारातल्या दुकानात ते शिरले की पोरगा नव्यानं आलेला नेकबँड पुढे करतो, ‘‘सर, बेस बघा की!’’ अण्णा बेस बघत नाहीत. ते रबर बघतात. तोटी किती लांब आहे, वायर कानावरून मागे जाते की सरळ खाली लोंबते, हे बघतात. कारण लोंबणारी वायर शर्टाला घासते आणि ती घसघस थेट पडद्यावर येते. मग ते पोराला १९९१ साली आलेल्या इटिमॉटिकच्या ईआर-४ ची गोष्ट सांगतात, तीन पदरी रबर घालून कानात खोल जाणाऱ्या त्या अमेरिकन इअरफोनची. पोराचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला असतो. तो ऐकून घेतो आणि गिऱ्हाईक जाणार हे ओळखून चहा सांगत नाही.

‘नॉइज कॅन्सलेशन’ हा शब्द काढलात तर मात्र बसायची तयारी ठेवा. अण्णांच्या मते ते गाणं ऐकणाऱ्याचं यंत्र नव्हेच. १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जाताना अमर बोस यांना विमानात ती कल्पना सुचली. ‘‘विमानात बसणाऱ्यांसाठी काढलेलं ते! सांबऱ्याचं विमान मी रस्त्यावरनंच बघतो.’’ त्यातलं तंत्र ते चोख समजावतात. बाहेरचा आवाज माइकनं टिपायचा आणि त्याच्या उलट लाट आत सोडायची, की दोन्ही एकमेकांना मारतात. इंजिनाची एकसुरी घरघर त्यानं छान मरते, पण कंडक्टरची शिट्टी अचानक येते, ती निसटते. बोळ्याचं नेमकं उलट. शिट्टी, कर्णा, पोराचं रडणं, असे चढे आवाज तो दारातच थोपवतो. खालच्या पट्टीची घरघर मात्र त्याला दाद देत नाही. म्हणून काकती ते संकेश्वर अण्णा तृप्त असतात, आणि तवंदीचा घाट लागून ड्रायव्हरनं खालचा गिअर टाकला की कपाळावर आठी येते. ‘‘घाटात थोडं आत येतंय,’’ ते खिन्नपणे सांगतात, घराचं छप्पर गळतंय हे सांगावं तसं.

याच गाडीत तिकिटाचा प्रसंग रोज घडतो. कंडक्टर समोर येतो, त्याचे ओठ हलतात. ‘एल्लीगे री?’ म्हणाला असेल किंवा ‘कुठलं?’ म्हणाला असेल. अण्णांची खात्री असते की जगात त्यांना कुणी काही विचारलं, तर ते इअरफोनबद्दलच असणार.

‘‘चिनी हाय,’’ ते सांगतात. ‘‘पण रबर वेगळं घेतलो.’’

परीक्षा घेतल्याशिवाय इअरफोन पास होत नाही. बेळगावची परीक्षा गणपतीत. झेंडा चौकातला सार्वजनिक गणपती १९०५ चा. विसर्जनाला सगळं गाव मिरवणूक बघायला कपिलेश्वर तलावाकडे जातं, अण्णा डॉल्बी बघायला जातात. स्पीकरच्या भिंतीपुढे, नाचणाऱ्या पोरांच्या मधोमध, दोन्ही कानांत बोळे घालून ते ध्यानस्थ उभे राहतात. मागच्या वर्षी परतताना म्हणाले, ‘‘कानातनं काही आलं नाही. छातीतनं आलं.’’ बरगड्यांना बसवायचं रबर अजून कुणी काढलेलं नाही.

निपाणीची परीक्षा वेगळी. तंबाखूच्या वखारीवरून जाताना शिंक येतेच, आणि कान बंद असताना दिलेली शिंक ज्यानं ऐकली नाही त्याला शिंक कळलीच नाही. कान बुजले की आपल्याच शरीराचे आवाज हाडांतून येऊन आत कोंडतात. पावलं धप्प धप्प वाजतात, गिळलेला चहा घळघळतो. अण्णांनी यावरून बेळगावच्या खाद्यपदार्थांची नवी प्रतवारी लावली आहे. मांडे बाद: एक घास मोडला की घर कोसळल्याचा भास. चिवडा बाद. कुंदा पहिला, कारण तो चावावा लागत नाही आणि विलंबित ख्यालाच्या आड येत नाही. कुंद्याची एवढी शास्त्रशुद्ध बाजू तो विकणाऱ्यांनीही कधी मांडली नसेल.

आणि ऐकतात काय? तिथे मात्र अण्णांपुढे मान लववावी लागते. या पट्ट्यात गाण्याला तोटा नाही. कुमार गंधर्व १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले, मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई धारवाड-हुबळीकडचे, भीमसेन गदगकडचे. आणि वर मिरजेला तंबोरे करणाऱ्यांची अख्खी आळी. पु. लं.च्या ‘गणगोत’मधले गाणंवेडे रावसाहेब याच बेळगावचे. अण्णांचं दैवत मात्र मिरजेचे अब्दुल करीम खाँ. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या तबकड्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांच्या. दोन्ही कानांचे बोळे बसवून होईपर्यंत निम्मी बाजू संपली असती. पण अण्णांना घाई नाही. यंत्रमाग बंद, बस बंद, कंडक्टर बंद, सीमाप्रश्न बंद. डोळे मिटून ते बटण दाबतात, आणि कानात येते नव्वद-शंभर वर्षांपूर्वीच्या सुईची अस्सल खरखर. उघड्या कानांनी ती कधी जाणवली नव्हती. आता तिचा कण न् कण मोजता येतो. खरखरीच्या पलीकडे खाँसाहेब आहेत, अगदी बारीक, अगदी सुरेल, आणि अण्णांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या होतात. ही त्यांची खरी मिळकत. ती मी कुणालाही उणी लेखू देणार नाही.

घरी त्यांना हाका मारायचं बायकोनं सोडून दिलं आहे. ती स्वयंपाकघरातून फोन लावते. खाँसाहेब थांबतात, घंटी वाजते, आणि भाजीत मीठ कमी आहे का हा प्रश्न संपूर्ण शांततेत, दोन्ही कानांत, उत्तम दर्जात ऐकू येतो. रस्ता आणि रेल्वे गेट ओलांडताना मात्र ते दोन्ही बोळे काढतात, एवढा व्यवहार त्यांना आहे. काढले की मात्र बोलत सुटतात. शांततेच्या खरेदीवर इतकं बोलणारा दुसरा माणूस पंचक्रोशीत नाही. शेजाऱ्याच्या पोरीला पुण्याला नोकरी लागली, तर ते बसचा प्रवास किती तासांचा एवढंच विचारतात; लग्नात भेटले तर नवरदेवाच्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघतात आणि पुटपुटतात, ‘‘याला मध्यम बसंल.’’

असा सल्ला ऐकून ज्याचं मन वळलं, त्याच्यासाठी अण्णांच्या कपाटाचा खालचा खण उघडतो. तिथे पदच्युत झालेले सगळे इअरफोन मूळ खोक्यांत, बिलासकट रांगेनं ठेवलेले असतात. परवा मलाच त्यांनी एक काढून दिला. दोन्ही कान तपासले, टॉर्च मारली, बराच वेळ विचार केला.

‘‘हा तुला चालतोय. एकवीसशेला घेतलो होतो, तू नऊशे दे. आणि रबर तुझं तू बघ गा. माझं रबर मी कुणाला देत नाही.’’