ग्रहणातला वडा

जयराशी भट्ट नावाचा एक चार्वाकपंथी गृहस्थ हजार-बाराशे वर्षांपूर्वी होऊन गेला. देव, परलोक, पूर्वजन्म यांतलं काहीच चार्वाक मानत नसत. पण डोळ्यांना दिसतं ते तरी खरं, एवढी सवलत त्यांनी ठेवली होती. जयराशीने तीही काढून घेतली. दिसतं ते खरं कशावरून, असं विचारून त्याने स्वपक्षाचीही पंचाईत केली. त्याचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ हा ग्रंथ कित्येक शतकं बेपत्ता होता. 1926 मध्ये त्याची ताडपत्रावरची पोथी सापडली, आणि सापडली कुठे, तर गुजरातेत पाटणच्या जैन भांडारात! 1940 मध्ये बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत तो छापून निघाला. त्याच्या दोन संपादकांपैकी एक पंडित सुखलालजी, जैन दर्शनाचे गाढे अभ्यासक.

जैन मंडळी कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी करतात. त्या दिवशी पोथ्या बाहेर काढायच्या, झाडायच्या, त्यांची पूजा करायची. ज्या पोथीत इतरांबरोबर जैनांचीही खबर घेतलेली आहे, तिच्यावरही कधीतरी श्रद्धेने वासक्षेपाची सुगंधी पूड पडली असणार. जयराशीला हे कळतं तर त्याने कपाळावर हात मारला असता, आणि मारला हे तरी कशावरून, म्हणून लगेच शंका काढली असती.

आपल्याकडच्या जुन्या वादविवादाची एक शिस्त होती: समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडायचं, मग खोडायचं. चौदाव्या शतकातले माधवाचार्य पक्के वेदान्ती. पण त्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ सुरू होतो तो चार्वाकापासून. हल्ली आपण थेट खोडण्यापासून सुरुवात करतो. वेळ वाचतो. आस्तिकाला वाटतं, नास्तिकाला लहानपणी कुणी नीट सांगितलं नाही. नास्तिकाला वाटतं, आस्तिकाला मोठेपणी कुणी नीट सांगितलं नाही. दोघेही सांगायला उत्सुक, ऐकायला कुणीच रिकामं नाही.

याला अपवाद असतात. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना फलज्योतिषाची चेष्टा करून मोकळं होता आलं असतं. टाळ्याही मिळाल्या असत्या. त्यांनी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन 2008 मध्ये पुण्यात दोनशे मुलांच्या पत्रिका वापरून चाचणी घेतली. शंभर मुलं हुशार, शंभर गतिमंद. पत्रिका बघून कोणतं कोण ते सांगायचं. उत्तरं पाठवणाऱ्या 27 ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिलेल्या होत्या. सरासरी 46 टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी निम्म्याच्या आसपास आली असती, आणि नाण्याला दक्षिणा लागत नाही. पण मला कौतुक वाटतं ते निकालाचं नाही. निकाल आपल्याला ठाऊकच आहे असं मानणाऱ्या गोटातला माणूस एवढी खटपट करतो, याचं आहे.

आणि वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी? जडवादी मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा माणूस, आणि आयुष्यभर संपादन कशाचं, तर ‘धर्मकोशा’चं! त्यांना कोणत्या रांगेत उभं करायचं, यावर दोन्ही बाजूंचे स्वयंसेवक अजून घुटमळत असतील.

हे झाले मोठे लोक. आमच्या इमारतीत 15 जानेवारी 2010 च्या सूर्यग्रहणाला काय झालं ते सांगतो. आदल्या दिवशी संक्रांत झालेली, त्यामुळे घरोघरी तिळगूळ उरलेला. आमच्या आत्याने वेध काटेकोर पाळले, पाण्याच्या पिंपात तुळशीचं पान टाकलं आणि ग्रहण बघायचा काळा चष्मा घेऊन गच्चीवर आली. तिसऱ्या मजल्यावरचा प्राध्यापक आधीच तिथे होता. तो कट्टर नास्तिक. ग्रहणात खाल्लं तर काही होत नाही हे सिद्ध करण्यासाठी त्याने बटाटेवडे आणले होते. सिद्धतेला एक पुरला असता. त्याने चार आणले होते.

“आत्या, घ्या एक.”

“मोक्ष झाल्यावर,” आत्या म्हणाली आणि चष्मा लावून वर बघत राहिली. जरा वेळाने तिने विचारलं, “अरे, पेपरात आलंय, सावली सकाळी आफ्रिकेत पडली, मग मालदीव, मग कन्याकुमारी, पुढे चीन. सूर्य तर पूर्वेकडून पश्चिमेला जातो. मग ही सावली उलटी का चाललीय?”

प्राध्यापकाचा घास तोंडातच राहिला. त्याने ‘पृथ्वीचं परिवलन’ वगैरे सुरू केलं, आणि त्या हिशेबाने सावली आणखीच पश्चिमेला जायला लागली. वडा एव्हाना गार झाला होता.

आत्याचं बोलणं पुटपुटण्याच्या सुरातच चाललं होतं. “काल उत्तराषाढेच्या अलीकडे होता, आज त्यात आला... चंद्र रोज एकेक नक्षत्र पूर्वेला सरकतो ना रे? मग सावलीपण त्याच्याबरोबर पूर्वेलाच जाणार की!”

बरोबर होतं. चंद्र सेकंदाला साधारण एक किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावतो. विषुववृत्तावरची जमीनही पूर्वेकडेच फिरते, पण सेकंदाला अर्ध्या किलोमीटरपेक्षा जरा कमी वेगाने. म्हणून सावली जमिनीला मागे टाकून पुढे निघते. हे आकडे प्राध्यापकाने संध्याकाळी पुस्तकात शोधून आत्याला आणून दिले, तेव्हा ती आंघोळ करून देवापुढे बसली होती. तिने जप थांबवून ऐकलं आणि जमिनीचा वेग पुण्यात किती पडेल ते विचारलं. तो पुन्हा खाली गेला.

हल्ली प्राध्यापक दरवर्षी दाते पंचांग विकत घेतो. मुहूर्तांची पानं बघतही नाही, असं तो आपण न विचारताच सांगतो. नक्षत्रांचे रकाने मात्र पेन्सिलीने खुणा करून भरलेले असतात. मध्यंतरी एका ज्योतिषाशी त्याचं अयनांशावरून कडाक्याचं भांडण झालं. ज्योतिषाला वाटलं, हा दुसऱ्या पंचांगाचा माणूस.