दिलगिरीचं कूपन
मिक्सरच्या खोक्यातून भांडं निघतं, झाकण निघत नाही. तक्रार केली की चॅटबॉट लगेच गहिवरतो, ‘तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो.’ मग फोटो मागतो. न आलेल्या झाकणाचा! तो देता आला नाही की तक्रार ‘निकाली’, आणि पाठोपाठ निरोप: सेवा कशी वाटली, स्टार द्या. गेलेला विश्वास परत मिळवायचीही सोय आहे म्हणा. शंभर रुपयांचं कूपन. हजाराच्या पुढच्या खरेदीवर, आज रात्री बारापर्यंत. कोपऱ्यावरचा दुकानदार निदान तोंडावर ‘बदलून मिळणार नाही’ म्हणतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. पोच मात्र चोख मिळते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, लिहून ठेवा.