एकही खिळा नाही

सरकता डव्हटेल हा दोन फळ्या काटकोनात जोडण्याचा सांधा. एका फळीत आडवी खाच असते, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद. दुसऱ्या फळीच्या टोकाला त्याच उताराची जीभ. ही जीभ खाचेत वरून बसत नाही, कडेने सरकवावी लागते. पण एकदा सरकली की समोरून कितीही ओढली तरी निघत नाही. त्यामुळे पुस्तकांनी भरलेल्या कपाटाच्या बाजू बाहेर फुगत नाहीत. विजेच्या राउटरने हे काम बघता बघता होते. ते हाताने करणारा गृहस्थ मात्र बहुतेक सोसायट्यांत एक तरी असतोच.

हा गृहस्थ व्यवसायाने सुतार कधीच नसतो. तो बँकेत असतो, नाहीतर संगणकात. बाल्कनीतली तुळस खिडकीत आणि कपडे वाळत घालायची दोरी दिवाणखान्यात गेली, की त्याचा कारखाना सुरू होतो. त्याची ओळख एका वाक्यात पटते: ‘एकही खिळा नाही!’ दुसऱ्यांच्या फर्निचरबाबत तो हे वाक्य प्रश्नार्थक करतो. मुलाच्या लग्नाच्या बोलणीला गेलेला असा एक जण व्याह्यांच्या जेवणाच्या टेबलाखाली शिरला आणि बाहेर येऊन, कोणी गेल्याचे सांगावे तशा आवाजात, ‘स्क्रू आहेत’ एवढेच म्हणाला. लग्न झाले. रुखवतातला चौरंगही त्याने उलटा करून पाहिला.

काम आखणीपासून सुरू होते. पेन्सिलीची रेघ जाड म्हणून वर्ज्य. गुण्या लावून चाकूने रेघ मारायची. खाचेची खोली फळीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. उतार मऊ लाकडाला सहास एक आणि कठीण लाकडाला आठास एक, अशी रूढी आहे. साग नेमका कशात मोडतो यावर चहा निवतो, पाहुणा उठतो, प्रश्न तसाच राहतो. मग तिरप्या कडेचा ठोकळा फळीवर आवळून त्याच्या आधाराने करवत चालवायची, मधले लाकूड पटाशीने काढायचे आणि तळ हातराउटरने सपाट करायचा. पटाशीची धार तो डाव्या हातावरचे केस भादरून तपासतो. ज्याचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत आहे, त्याला लाकडाबद्दल काहीही विचारू नये.

खरी मेख पुढे आहे. खाच सगळीकडे सारख्या रुंदीची ठेवली, तर लांब जीभ घर्षणाने अर्ध्यातच अडकते. म्हणून खाचेची एक बाजू आणि जिभेची तीच बाजू मिलिमीटर-दोन मिलिमीटर निमुळती करतात. फळी मागून हाताने सहज जाते आणि शेवटच्या इंचात आवळते. तिथे मोगरीचे दोन ठोके. या ठोक्यांसाठी घरातल्या सगळ्यांना बोलावले जाते.

उत्तम सांध्यात खाच दर्शनी कडेच्या थोडी अलीकडे थांबवतात, म्हणजे समोरून काहीच दिसत नाही. ही त्या सांध्याची शान, आणि या गृहस्थाची पंचाईत. प्रत्येक पाहुण्यासाठी पुस्तके उतरवली जातात, कपाट भिंतीपासून सरकवले जाते, फळी मागे ठोकून काढली जाते. ‘बघा. एकही खिळा नाही.’ पावसाळे झेलू शकणारा हा सांधा पाहुणचाराने ढिला होतो.

सोसायटीत प्लायवूडच्या कामाला आलेल्या मिस्त्रीलाही हे दर्शन घडते. मिस्त्री अंगठा फिरवतो, ‘साहेब, मागून अर्धा सूत ढिला आहे’ म्हणतो, आणि वडिलांच्या हाताखाली आपण असे सांधे सागाच्या कपाटांना केल्याचे सांगतो. आता गिऱ्हाईक दिवस मोजते. लॅमिनेट, स्क्रू, पुढचे घर. एरवी कोणाचे न ऐकणारा हा गृहस्थ तेव्हा मात्र मुकाट्याने स्वतःची पटाशी पुढे करतो. पुढच्या रविवारी मिस्त्रीला पूर्ण रोजंदारी देऊन तो दिवसभर नुसता फळी धरून उभा राहतो. त्या दिवशी बाल्कनीतून खिळ्यांविषयी एक शब्द ऐकू येत नाही.

ढिल्या सांध्याची दुरुस्ती सोपी आहे. जिभेच्या निमुळत्या बाजूवर त्याच लाकडाची पातळ पट्टी फेव्हिकॉलने चिकटवायची, रात्रभर दाबून ठेवायची आणि सकाळी जादा भाग रंध्याने काढायचा. फेव्हिकॉलची बाटली गृहस्थ वॉर्निशच्या डब्यामागे ठेवतो.