सतरावी सीट

सतरा सीटची गाडी कोणी सतरा जणांसाठी घेत नाही. ती सतराव्या माणसासाठी घेतली जाते. हिशेब करून पाहा. सात सीटच्या दोन गाड्यांत चौदा माणसं बसतात, दोन पोरं मांडीवर घेतली की सोळा. तिथपर्यंत घरात शांतता असते. मग अष्टविनायकाचा बेत सांगलीच्या आत्यांच्या कानावर जातो, त्या "मला काय, कोपऱ्यात बसेन" म्हणतात, आणि त्या एका कोपऱ्यासाठी घरातला कर्ता पुरुष ट्रॅव्हलरचं कोटेशन आणायला निघतो. मोठी गाडी घ्यायला निघणं हा खरं तर अष्टविनायकापेक्षा लांबचा प्रवास. त्यालाही मुक्काम आहेत, नाके आहेत, रांगा आहेत. फक्त शेवटी प्रसाद मिळेलच असं नाही. आणि या प्रवासाचा सगळा खर्च, सगळा मनस्ताप पहिल्या सोळा जणांमुळे होत नाही, शेवटच्या एकामुळे होतो. तेव्हा गाडी नीट पाहण्याआधी तो एक माणूस नीट पाहावा, एवढंच म्हणणं आहे.

पहिला मुक्काम शोरूमचा. छोट्या मोटारी शहरात काचेआड उभ्या असतात. व्हॅन पाहायची तर बहुधा हायवे गाठावा लागतो, ट्रकांच्या शेजारी, मागे ऐसपैस आवार असलेल्या जागी. इथली भाषा मिलिमीटरची. "३३५० मध्ये बसवू, नाहीतर ३७०० घ्या," असं सेल्समन सांगतो. हे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, पण त्याच्या तोंडी ते गाडीचं नाव होऊन बसलेलं असतं. गिऱ्हाईक उत्तर देतं, "थोरले काका, त्यांचे दोन मुलगे, सुना, आणि धाकटीच्या माहेरचे कोणी आलेच तर." दोघंही लांबीच सांगत असतात. गाडीची वंशावळ विचारली तर मात्र दोघांनाही गप्प बसावं लागेल. हिची पूर्वज मर्सिडीजची टी१ व्हॅन, १९७७ पासून जर्मनीतल्या ब्रेमेनला तयार होणारी. बजाज टेम्पोने १९८७ साली तिला ट्रॅव्हलर म्हणून इथे आणलं; पुढे २००५ मध्ये कंपनीच फोर्स मोटर्स झाली. कंपनीचं बिऱ्हाड पुण्यात आकुर्डीला, पण ही गाडी जन्मते मध्य प्रदेशात, इंदूरजवळच्या पीथमपूरला. म्हणजे पुणेकर आपल्या गावच्या कंपनीची गाडी मोठ्या अभिमानाने घेतो आणि ती येते परगावाहून. थेऊरच्या पुढे न गेलेल्या मालकाला असं बहुश्रुत वाहन मिळतं.

दुसरा टप्पा सरहद्दींचा. मोटार वाहन कायदा, १९८८ माणसांची डोकी फार बारकाईने मोजतो. भाड्याच्या गाडीत ड्रायव्हर सोडून सहापर्यंत प्रवासी असतील तर ती मोटार कॅब. बारापर्यंत मॅक्सी कॅब. तेरावा चढला की आपण बसच्या मुलखात. आपण आत्यांना सीट देतो आणि कायदा आपल्याला बसवाला करतो. इथे सेल्समनकडे एक बिनतोड मुद्दा असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ड्रायव्हरसह दहा किंवा अधिक माणसांच्या गाडीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि मोठ्या एसयूव्हीवर तो ४० टक्के आहे. "साहेब, सात जणांना नेलं की ४० टक्के, सतरा जणांना नेलं की १८. सरकारच म्हणतंय, सगळ्यांना घेऊन जा!" परवान्याचाही धाक उरलेला नाही: साडेसात टनांच्या आतली भाड्याची गाडीही हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. सगळं मान्य. पण कर एकदाच भरायचा असतो, गाडी रोज उभी करायची असते. मोठ्या मोटारीसाठी इमारतीत जी जागा आखतात ती अडीच मीटर बाय पाच मीटर. ट्रॅव्हलर साधारण सहा मीटर लांब. उरलेला मीटर कोणाच्या दारात जाणार, हा प्रश्न सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपुढे येतो, आणि त्या सभेवर घटनापीठाचाही अधिकार चालत नाही. तळघरातल्या पार्किंगचं नाव काढू नये. तिथली आडवी पट्टी या गाडीला टपापाशीच गाठते.

यावर व्यवहारी माणसं म्हणतात, भाड्याने लावा, गाडी स्वतःचे हप्ते स्वतः फेडेल. हा आक्षेप वजनदार आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे. ट्रॅव्हल्सचा धंदा जाणणाऱ्याने खुशाल लावावी. पण मग पाटी पिवळी होते, पर्यटक परमिट येतं, ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक येतो, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेस येतो, आणि या सगळ्यांपेक्षा अवघड म्हणजे ड्रायव्हर येतो, जो जेवायचं कुठे थांबायचं हे मालकाला विचारत नाही. शिवाय भाडं कधी मिळतं? गणपतीत कोकणात जायला, लग्नसराईत वऱ्हाडाला, दिवाळीच्या सुट्टीत. आपल्यालाही गाडी नेमकी तेव्हाच हवी असते. गाडी कमावती झाली की घरच्यांना आधी बुकिंग करावं लागतं, आणि घरचे ॲडव्हान्स देत नाहीत.

एका आक्षेपापुढे मात्र युक्तिवाद थकतो: एकत्र जाण्यात मजा आहे. ती आहेच. दोन गाड्या असल्या की पुढची मिसळ खाऊन मोकळी होते आणि मागची अजून टोलनाक्यावर "तुम्ही कुठे आहात?" विचारत असते. एका गाडीत सगळे एकत्र उशिरा पोचतात, त्यामुळे उशीर कोणाचा हे ठरत नाही. भेंड्या लावायलाही दोन्ही पक्ष एकाच छताखाली लागतात. पण ही मजा वर्षातून दोन-तीनदा लागते, आणि तेवढ्यापुरती भाड्याची ट्रॅव्हलर सहज मिळते. तिचा मीटरभर शेपटीचा भाग दुसऱ्याच्या सोसायटीचा प्रश्न असतो. माणशी खर्च काढला तर स्वतःची गाडी स्वस्त पडते असं सांगणारेही भेटतील. त्यांचा भागाकार सतराने असतो. निघायच्या आदल्या रात्री थोरल्या सुनेच्या मुलाची युनिट टेस्ट निघते, काकांची कंबर धरते, आणि भाजक अकरावर येतो. हप्ता सतराचाच राहतो.

तरीही घ्यायचीच असेल तर एक चाचणी सुचवावीशी वाटते. बुकिंगची रक्कम देण्याआधी सगळं घर शोरूमच्या आवारात न्यावं, सगळ्यांना गाडीत बसवावं आणि मागच्या चाकांच्याही मागे, शेवटच्या ओळीत, कोण बसणार हे तिथेच ठरवावं. प्रत्येक खड्डा सगळ्यात जास्त तिथे कळतो. ठरलं तर सही करावी. नाही ठरलं तरी घाई नाही, कोटेशन महिनाअखेरपर्यंत चालतं.