माल घेतोय का?

अप्पांची आणि माझी ओळख पायांपासून झाली. साताऱ्यातल्या या कॉलनीत आम्ही राहायला आलो तो रविवार होता. सामानाचा टेम्पो वळणावर अडला, कारण समोर एक जुनी महिंद्रा जीप उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. एका पायात स्लीपर, दुसरी शेजारी पालथी. टेम्पोवाला दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, गेलं का काय हे?" तेवढ्यात जीपखालून आवाज आला, "डावीकडनं काढा, जागा आहे. आणि जाताजाता तेवढी चिंधी सरकवा इकडं." मी चिंधी सरकवली. माझी नेमणूक त्याच क्षणी झाली होती, हे मला पुढच्या रविवारी कळलं.

अशी माणसं गावोगाव असतात. कुणाची अ‍ॅम्बॅसडर असते, कुणाची ट्रॉली, कुणाची नुसतीच वडिलांची आठवण. ओळखायला सोपी. नखांच्या कडेला धुऊन न जाणारी काळी चंद्रकोर असते. लग्नात हात मिळवायची वेळ आली की पंजा मागे घेऊन मनगट पुढे करतात. रस्त्यावरनं एखादी गाडी कुरकुरत गेली, तर बोलणं अर्धवट सोडून मान तिरकी करतात आणि म्हणतात, "शॅकल कोरडा आहे." गाडीचा मालक ओळखीचा असो वा नसो, त्याच्याबद्दलचं मत तिथंच कायम होतं.

आमचे अप्पा कोषागारातून निवृत्त झाले. जीप त्यांनी सरकारी लिलावात घेतली. ज्या खात्याने ती निर्लेखित केली, त्या खात्याची बिलं अप्पांनीच अनेक वर्षं तपासली होती. त्यामुळे तिच्यावर ग्रीसचा खर्च किती दाखवलाय आणि प्रत्यक्षात किती झालाय, यातली तफावत त्यांना गाडीखाली गेल्या गेल्या दिसली. ती तफावत भरून काढण्याचं काम आजतागायत चालू आहे.

त्यासाठी नोंदवही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, आखीव. तारीख, किलोमीटर, निपलाचं ठिकाण, दिलेले दाब, शेरा. अप्पांच्या मोजणीप्रमाणे त्यांच्या जीपला 27 निपलं आहेत: पाट्यांचे शॅकल आणि पिना, टायरॉडची टोकं, स्टिअरिंगचं बेलक्रँक, दोन्ही प्रॉपलर शाफ्टचे क्रॉस. एखादं निपल चोंदलेलं असलं की शेऱ्यात येतं, "घेत नाही." पुढच्या महिन्यात ते "मागील थकबाकी" या सदरात जातं. जीपच्या पुस्तकात दर हजार मैलांनी ग्रीसिंग करा असं लिहिलंय. अप्पांची जीप वर्षभरात हजार मैल जात नाही, म्हणून अप्पा मैलांऐवजी रविवार मोजतात.

माझं काम वरचं. म्हणजे गाडीच्या बाहेर उकिडवं बसून ग्रीसगनचा दांडा दाबायचा. आत अप्पा चिंधीने निपल पुसतात. हे पुसणं ते कधी चुकवत नाहीत, नाहीतर वरची माती ग्रीसच्या आधी सांध्यात जाते. मग होजचं तोंड निपलावर बसवतात आणि हुकूम सोडतात, "दे." मी दाब देतो. "दे." मी देतो. "माल घेतोय का?" हे मला विचारलेलं नसतं, सांध्याला विचारलेलं असतं. पहिल्यांदा मला वाटलं की मलाच विचारताहेत. मी म्हणालो, "नाही हो अप्पा, मी घेत नाही." जीपखाली बराच वेळ शांतता होती.

एकदा मात्र मी आडवा होऊन आत डोकावलो. शॅकलच्या कडेनं आधी काळा चिकट गाळ बाहेर आला, मग त्यात लालसर रेघ दिसली. "कासची माती," अप्पा म्हणाले, "ऑगस्टमधली." तिच्या मागोमाग कुरडईच्या तारेसारखं पिवळसर ताजं ग्रीस वळवळत बाहेर पडलं. तेव्हा अप्पांच्या तोंडावर जे उमटलं, ते मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं. ताजं दिसलं की थांबायचं आणि बाहेर आलेलं पुसून टाकायचं. पाटा दबला की लांब होतो, म्हणून त्याचं एक टोक चेसीला पक्कं आणि दुसरं शॅकलच्या झोक्यावर. झोका कोरडा पडला की पिना खातात आणि गाडी बैलगाडीसारखी बोलायला लागते. हे मला अप्पांनी निदान 12 वेळा सांगितलंय. आता मी ते माझ्या मेहुण्याला सांगतो.

निपल या वस्तूविषयी अप्पा बोलायला लागले की कॉलनीतल्या खिडक्या हळूच लागतात. त्यांच्या गावी नसतं. ऑस्ट्रियात जन्मलेल्या ऑस्कर झर्क नावाच्या माणसाने 1929 साली त्याचं पेटंट घेतलं आणि अमेरिकेत आजही त्याला झर्कच म्हणतात. आत एक एवढीशी गोळी, मागे स्प्रिंग. ग्रीस आत येऊ देते, बाहेर जाऊ देत नाही. "म्हणजे आमची खिडकी," अप्पा म्हणतात, "फक्त उलटी. आमच्याकडे आत आलेलं बिल बाहेर जायचं, पण वर्षभराने."

ग्रीस म्हणजे तेल आणि साबण, हे त्यांनी एकदा चहाच्या वेळी जाहीर केलं. साबण तेलाला स्पंजासारखा धरून ठेवतो. वहिनी, म्हणजे अप्पांच्या पत्नी, कपबशा उचलत होत्या. "साबण असतो तर त्यानं हात का निघत नाहीत?" त्यांनी विचारलं. यावर अप्पांनी विषय एरंडेलावर नेला. लिथियम ग्रीसमधला तो साबण ज्या आम्लापासून करतात, ते एरंडेलापासून मिळतं. अप्पांचे वडील बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचं वंगण घालायचे, नळकांडं गाडीखालीच लटकत असायचं. तेच एरंडेल दर शनिवारी अप्पांच्या पोटात जायचं. "म्हणजे बघा," ते म्हणाले, "शेवटी सगळं एकच." कशाचं शेवटी, हे विचारायचं धाडस मी केलं नाही.

या माणसांची खरी अडचण गाडी नाही, उरलेलं ग्रीस आहे. 27 निपलं संपली तरी गनमध्ये माल शिल्लक राहतो आणि शिल्लक परत करायची सवय कोषागारात लागत नाही. फाटकाच्या बिजागऱ्या झाल्या, शटर झालं, सायकली झाल्या. मग झोपाळ्याच्या कड्या झाल्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला चार सवाष्णी त्या झोपाळ्यावर टेकल्या आणि चारही पैठण्यांना पदराजवळ एकसारखी काळी बुट्टी उठली. त्या दिवसापासून वहिनींचं शिलाई मशीन कपाटात कुलपाआड असतं.

आता सोऱ्याची गोष्ट सांगितली पाहिजे. दिवाळीच्या आधीचा रविवार होता. नवं ग्रीस भरलेलं, मी दाब देतोय, दांडा रिकामाच हलतोय. एक थेंब नाही. अप्पांनी गन उलटी केली, आपटली, होज फुंकला. मिशीला ग्रीस लागलं. मी डिझेल आणलं. तासभर आम्ही दोघं त्या नळकांड्यापुढे बसलो होतो. अप्पा स्प्रिंगला शिव्या देत होते, मी मनातल्या मनात दोघांनाही. वहिनी चकल्यांचा घाणा अर्धा टाकून पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. "पोकळी राहिलीय," त्या म्हणाल्या. "आमच्या सोऱ्यात पण असंच होतं. वरनं नुसतं कोंबलं की मधे हवा राहते, मग दाबलं तरी चकली पडत नाही. काढा ते, गोळा करून भरा, दर खेपेला खाली दाबून." अप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी ग्रीस काढलं, गोळा केला, अंगठ्याने दाबून दाबून भरलं. तिसऱ्या दाबाला माल आला. त्या दिवशीच्या नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात एवढंच आहे: "हवा होती. काढली." कुणी सुचवलं, त्याचा उल्लेख नाही. मी दोनदा तपासलंय.

मागच्या वर्षी अप्पांचे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, वंगण कमी झालंय, जेलचं इंजेक्शन देऊ. हे ऐकून अप्पा इतके खूश झाले की डॉक्टर गोंधळले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच शंका विचारली, "पण डॉक्टर, जुनं बाहेर आल्याशिवाय नवं पोचलं, हे कळणार कसं?"

तरी जीपखाली जाणं जमेना. म्हणून मुलाने पुण्याहून नवी गाडी पाठवली. वहिनींनी ओवाळलं, नारळ फुटला, आणि पेढे वाटून होईपर्यंत अप्पा दिसेनासे झाले होते. दोन पाय बाहेर होते. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "निपलं कुठायत?"

निपलं नव्हती. मुलाने फोनवर सांगितलं की हल्ली सांधे कारखान्यातच भरून बंद करतात, लाइफटाइम. "कुणाचं लाइफटाइम?" अप्पांनी विचारलं. मुलगा म्हणाला, "सांध्याचंच असेल." अप्पांनी फोन माझ्या हातात दिला आणि पुन्हा खाली गेले. रबरी टोप्या बोटांनी चाचपून पाहिल्या. फाटलेली एकही नव्हती. त्याचंही त्यांना वाईट वाटलं, असा माझा अंदाज आहे.

आता दर रविवारी दांडा मी दाबतो आणि जीपखालीही मीच जातो. अप्पा खुर्ची टाकून बसतात आणि "माल घेतोय का?" बाहेरून विचारतात. आमचं आटोपलं की नव्या गाडीपाशी ते हळूच वाकतात, बॅटरी मारून चारही चाकांच्या आत बघतात. नोंदवहीत नव्या गाडीचं स्वतंत्र पान उघडलंय. तारीख, किलोमीटर, निपलाचं ठिकाण, दिलेले दाब. शेऱ्याच्या रकान्यात दर रविवारी त्याच वळणदार अक्षरात, सहीनिशी: "निरंक."