पोहे कितीला? वीस किलो ऊस

दौंड तालुक्यातल्या आमच्या राहूत सगळ्यात उंच जागा म्हणजे उसाने भरलेली ट्रॉली. तिच्यावर चढलं की एका अंगाला मुळा-मुठा, दुसऱ्या अंगाला भीमा आणि मधे नजर पोचेल तिथवर ऊसच ऊस. डोंगर बघायचाच झाला तर श्रावणी सोमवारी यवतजवळच्या भुलेश्वराला जायचं. तिथंही देवळातल्या मूर्ती बघून होतात न होतात तोच आमची माणसं डबे सोडायला बसतात. त्यामुळे माथेरानला जायचा ठराव घरात पास झाला, तेव्हा पॉइंट किती, सूर्यास्त कुठून दिसतो, घोडा कितीला पडतो, असलं कुणी काही विचारलं नाही. काकींनी एवढंच विचारलं, "तिथं खायला काय मिळतं?"

प्रश्न रास्त होता. माथेरानबद्दल लिहिणारी मंडळी धुक्याला दोन पानं देतात, दरीला तीन. पण पहाटे भूक लागली तर कुठं जायचं, हे सांगायला एकालाही सवड नसते. थंड हवेच्या ठिकाणी जाताना पोट घरी ठेवून जायचं असतं, असा बहुधा त्यांचा समज असावा.

आमच्याबरोबर माझे चुलते आण्णा होते, हे वाचकांचं भाग्य. आण्णांची हयात गुऱ्हाळावर गेली. ते गुळव्या. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: काहिलीत रस उकळत असतो, भेंडीच्या पाण्यानं वर आलेली मळी काढून झालेली असते, चुलवाणात चिपाडाचा जाळ धडाडत असतो आणि सगळे एका माणसाच्या तोंडाकडं बघत उभे असतात. तो पाकाचा थेंब पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळून बघतो आणि म्हणतो, "उतरा." थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. असा माणूस दुसऱ्यानं शिजवलेल्या पदार्थासमोर गप्प बसणं शक्य नसतं.

आण्णांची दुसरी खोड म्हणजे त्यांना कुठलीच किंमत रुपयांत समजत नाही. ते उसात हिशेब करतात. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारनं बांधून दिलेला उसाचा भाव, टनाला ३,५५० रुपये, तीही १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. म्हणजे किलोला साडेतीन रुपये आणि वर पाच पैसे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाता शेतकऱ्याच्या हातात काय पडतं, हा विषय विनोदी प्रवासवर्णनात बसत नाही, म्हणून सोडून देतो.

केडगावहून शटलनं पुणं गाठलं, तिथून मुंबईची गाडी. पुण्याकडून येणाऱ्या बहुतेक गाड्या नेरळला थांबत नाहीत. कर्जतला उतरून लोकल धरावी लागते. ही गैरसोय रेल्वेनं मुद्दाम ठेवली असावी, कारण कर्जतला दिवाडकरांचा वडा आहे. मुंबईहून वर येणाऱ्या गाड्यांना घाट चढायला मागून जादा इंजिनं जोडतात, तेवढा वेळ गाडी कर्जतला उभी राहते आणि त्या थांब्यावर हा वडा नावारूपाला आला. आम्ही उलट्या दिशेनं, घाट उतरून आलेलो. पण वडा दिशा विचारत नाही. गरम, पावात दाबलेला, आत कोरडी लाल चटणी. आण्णांनी दोन खाल्ले आणि ऊस मोजला नाही. याहून मोठं प्रशस्तिपत्रक आमच्या घरात दिलं जात नाही.

नेरळहून वर जायला छोटी गाडी आहे. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती १९०७ साली सुरू केली. रुळांतलं अंतर दोन फूट, लांबी २१ किलोमीटर आणि वेळ दोन तासांच्या वर. "एवढ्या वेळात गुळाचं एक आदण उतरतंय," असं म्हणून आण्णांनी ती नाकारली आणि आम्ही टॅक्सीत बसलो. टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत. पुढं मोटारीला बंदी. पुढचं अंतर पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या शटलनं.

माथेरानच्या खाण्याचा सगळा उलगडा या नाक्यावर होतो. घोड्याच्या दोन्ही अंगांना गॅसची टाकी बांधलेली. कांद्याची पोती घोड्यावर, पिठाची पोती घोड्यावर, दुधाचे क्रेट घोड्यावर. अंड्यांचे ट्रे मात्र हमालाच्या डोक्यावर. त्या बाबतीत घोड्यावर कुणाचा विश्वास नसावा. आठशे मीटर उंचीवरच्या गावाची भूक ही अशी चार पायांनी आणि दोन पायांनी चढत होती. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आले आणि माथेरानचा शोध लागला असं पुस्तकं सांगतात. साहेबांनी काय काय पाहिलं ते सगळं नोंदलेलं आहे. त्यांचा डबा कुणी उचलला होता, ते नाही.

बाजारात पोचलो तोवर वडे जिरले होते. एका बऱ्याशा हॉटेलात बसलो, पोहे मागवले. आण्णांनी आधी भाव विचारला.

"सत्तर रुपये, काका."

आण्णांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि जाहीर केलं, "वीस किलो ऊस!"

पोरानं माझ्याकडं बघितलं. मी हिशेब समजावून सांगितला. पोरगं हुशार होतं. त्यानं आत बोट दाखवलं. "काका, ती टाकी घोड्यावरून आली. हे पोहे, शेंगदाणे, कांदा, सगळं घोड्यावरून. घोड्याचं भाडं पण उसातच सांगू का?"

आण्णा विचारात पडले. मग म्हणाले, "वाहतूक वजा केली म्हणायची." त्यानंतर मुकाट्यानं खाल्लं. वाहतूक वजा करणं हा शब्दप्रयोग कुठल्याही ऊसवाल्याला एका क्षणात नमवतो.

आमच्या मुक्कामाच्या ठिकाणी पॅकेज होतं. माथेरानात ही पद्धत जुनीच: राहण्याच्या पैशातच न्याहारी, दुपारचं जेवण, चार वाजता 'हाय टी' आणि रात्रीचं जेवण. ऐकायला झकास. पण न्याहारी साडेआठला उघडणार आणि आम्ही पाचला उठणारी माणसं. आण्णांना त्या वेळेला चहा मिळाला नाही तर ते सगळ्या घराला उठवतात. इथं तर सगळं हॉटेल उठलं असतं. म्हणून त्यांना घेऊन अंधारातच बाहेर पडलो. लाल मातीची वाट, दवानं दबलेली धूळ, बाजार बंद. एकाच टपरीवर दिवा होता आणि तिच्यापुढं घोडे उभे होते.

माथेरानची खरी न्याहारी इथं आहे. घोडेवाले, हमाल आणि हातरिक्षा ओढणारे बाकावर बसून चहात पाव बुडवत होते. हातरिक्षा ओढणं माणसाला न शोभणारं आहे, ते सहा महिन्यांत थांबवा आणि ई-रिक्षा आणा, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये बजावलं. बाकावर तोच विषय चालला होता: कुणाला रिक्षा मिळणार, कुणाला नाही. आण्णा पाच मिनिटांत त्या चर्चेत शिरले आणि ऊसतोडीच्या यंत्राचं उदाहरण देऊ लागले. चहा कडक, आल्याचा. पोहे चाळीस रुपयांना, म्हणजे अकरा किलो ऊस, आणि बाजारातल्यापेक्षा जास्त शेंगदाणे. ज्यांना दिवसभर ओझं वाहायचं आहे त्यांना हलके पोहे घालून चालत नाही.

साडेआठला पॅकेजची न्याहारीही केली. पैसे भरलेले होते. व्हरांड्यात टोस्ट, बटर, जॅमची चिमुकली पाकिटं आणि उपमा. पाकिटं फोडायच्या आत एक माकड कठड्यावर उतरलं, टेबलावर नजर टाकली, बटर राहू दिलं, उपम्याकडं ढुंकून बघितलं नाही आणि जॅमची दोन पाकिटं घेऊन गेलं. वर बसून दातांनी कोपरा फाडून ती पिळलीही. "गोडाची पारख हाय," आण्णा आदरानं म्हणाले.

दुपारच्या जेवणाबद्दल थोडं बैजवार. माथेरान मुंबईकरांनी, त्यातही पारशी, बोहरी, गुजराती मंडळींनी नांदतं ठेवलं आणि त्यांच्या स्वयंपाकघरांसकट ठेवलं. म्हणून लॉर्ड्स सेंट्रलमध्ये पारशी वळणाचं जेवण मिळतं, बाजारातल्या मुसलमानी खाणावळीत खिमा-पाव मिळतो आणि गुजराती थाळी तर जागोजाग. जैन असेल तर कांदा-लसूण-बटाटाही नाही. आम्ही थाळीला बसलो. साडेतीनशे रुपये. आण्णांनी "एक क्विंटल" एवढंच म्हटलं आणि बाह्या सरसावल्या.

ढोकळा आला, कढी आली, रसावाला बटाटा आला, फुलके येतच राहिले. आण्णांनी डाळीचा भुरका मारला आणि थबकले.

"डाळीत गूळ?"

"गुजराती डाळ आहे, आण्णा. गोडच असते," ही म्हणाली.

त्यांनी दुसरा भुरका मारला. चेहऱ्यावर दोन भावना भांडत होत्या. दौंड तालुक्यातल्या माणसाला गोड आमटी म्हणजे घरावर आलेलं संकट. पण शेवटी धंदा जिंकला. "खपतोय तर आपलाच माल," म्हणून त्यांनी आणखी वाटीभर डाळ मागितली. काकींनी मात्र एवढा दूरचा विचार केला नाही. त्यांनी पर्समधून कागदाची पुडी काढली, टेबलाखाली सोडली आणि लसणीची चटणी चौघांच्या ताटांत गुपचूप पोचवली. जैन थाळीच्या शेजारच्या टेबलावर हे करणं धाडसाचं होतं. वास दडवता येत नाही. वाढप्या आला, त्यानं नाक उंच केलं, काकींकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "मावशी, थोडी आहे का?"

संध्याकाळी एका पॉइंटाच्या वाटेवर खालच्या वाडीतली एक बाई चूल मांडून बसली होती. झुणका, ठेचा आणि तांदळाची भाकरी. आमच्याकडं भाकरी म्हणजे ज्वारीची नाहीतर बाजरीची. तांदळाची भाकरी काकींनी आजवर लग्नाच्या पंगतीतही पाहिलेली नव्हती. त्या चुलीशेजारी उकिडव्या बसल्या. बाई उकड मळत होती, हाताला पाणी लावून थापत होती, कडा कुठं फुटत नव्हती.

"पीठ कच्चं नाही थापत?"

"नाय ताई, उकड काढायची आधी. नायतर भेगा पडतात."

"आन पाणी कुठनं आणता?"

बाईनं दरीकडं हनुवटी केली. पाणी, पीठ, लाकडं, तवा, सगळं डोक्यावरून वर आलेलं आणि अंधार पडायच्या आत उरलेलं डोक्यावरूनच खाली जायचं. बाजारात मेथीच्या जुडीसाठी दहा मिनिटं घासाघीस करणाऱ्या काकींनी इथं सांगितले तेवढे पैसे मोजून दिले आणि वर लसणीची उरलेली पुडी दिली. त्या सहलीत एवढं चांगलं मी दुसरीकडं कुठं जेवलो नाही.

राहिली चिक्की. नरिमन हे नाव इथं जुनं आणि मोठं. पण बाजारात दुकानं पुष्कळ आहेत आणि सगळी चाखायला देतात. चाखायला देणं ही त्यांची चाल असते. त्यांच्या दुर्दैवानं गिऱ्हाईक आण्णा होते. एका दुकानात त्यांनी तुकडा तोंडात न घालता कानाजवळ नेला आणि मोडला. कट्कन आवाज आला. "ह्यो पाक बरोबर हाय." दुसऱ्या परातीतला तुकडा मोडला, आवाज आलाच नाही. "हा एक चटका आधी उतरलाय. दातात बसंल."

दुकानदार म्हणाला, "काका, इथं धुकं असतं. हवेनं नरम पडते."

"धुक्याची वरनं चिकटती," आण्णा म्हणाले. "कच्च्या पाकाची आतनं."

दुकानदारानं आतून कारागिराला हाक मारली. कारागीर आला, त्यानं तुकडा मोडला आणि कबूल केलं की काल नवा पोरगा कढईवर होता. मग दोघं जे बसले ते अर्धा तास. आच किती, गूळ नवा की जुना, थेंब थंड पाण्यात टाकायचा की साध्या. शेवटी आण्णांनी मनातलं विचारलं, "गूळ कुठला?"

"व्यापारी कोल्हापुरी म्हणतात."

"म्हणतात!" आण्णा एवढंच म्हणाले, पण त्यात राहू बेटातल्या सगळ्या गुऱ्हाळांचं दुःख होतं. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. आमच्या गुळाला मानांकन नाही, आण्णा आहेत.

आता तुमच्यासाठी. न्याहारी पहाटे, जिथं घोडे बाहेर उभे असतील तिथं करा. पॅकेज घेतलंच असेल तर जॅम आधी खा. दुपारी थाळी घ्या, पण लसणीची पुडी जवळ असू द्या. वाटेवर चूल दिसली की थांबा, भाव करू नका आणि सूर्यास्ताच्या आधी जेवून घ्या, कारण ती बाई तुमच्यासाठी अंधारात थांबणार नाही. चिक्की कानाजवळ मोडून घ्या. आणि दस्तुरीपर्यंत चालत उतरणार असाल तर ती पिशवीच्या तळाशी, कपड्यांखाली ठेवा. प्लॅस्टिकच्या कुरकुरीचा आवाज माथेरानच्या माकडांना तुमच्याआधी ऐकू येतो.